परसबाग, पोषणवर्ग आणि मुलांचा क्लब: पूर्ण हंगाम करून मग लिहितेय

आमच्या गावातल्या केंद्रात तीन कार्यक्रम एकाच छताखाली चालतात, घरात स्वयंपाक बघणाऱ्यांसाठी पोषणवर्ग, दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा क्लब आणि परसबागेचं ट्रेनिंग. मी, माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही तिघं मिळून तिन्हीकडे होतो. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू टाकावासा वाटत होता पण थांबले, कारण उद्घाटनाच्या दिवशी असले सगळेच कार्यक्रम छान दिसतात, खरं काय ते कळतं तीन महिन्यांनी, वेलीवर मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडतो आणि आपण फोन करतो तेव्हा पलीकडून कुणी उचलतं का त्यावरून.

आधी परसबागेचं सांगते कारण सगळ्यात जास्त शिकले ते तिथे. पहिल्या दिवशी बियांची पाकिटं मिळतील म्हणून लोक पिशव्या घेऊन आले होते आणि शिकवणाऱ्या काकांनी सगळ्यांना परत घरी पाठवलं, मातीचा नमुना आणा म्हणाले. बरेच जण वैतागले, दोघं-तिघं तर परत आलेच नाहीत. पण नमुना कसा घ्यायचा हे त्यांनी इतकं नीट दाखवलं की बास, वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, इंग्रजी व्ही सारखा खड्डा करायचा १५ ते २० सेंटीमीटर खोल, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत पातळ चकती काढायची, असं नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी करायचं, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही, सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत तेच, अर्धा किलो उरेपर्यंत.

आमचा रिपोर्ट आला त्यात सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८ च्या वर. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ च्या आसपास लागतो. आणि मी काय करत होते तर गेली कित्येक वर्षं लाकडाची राख नेमाने वाफ्यात टाकत होते, राख चांगली असते एवढंच ऐकलेलं! राखेने सामू अजून वर जातो. आमच्याकडे कोवळी पानं पिवळी पडायची आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या, मला वाटायचं झाड उपाशी आहे म्हणून मी युरिया घालायचे. काका म्हणाले झाड उपाशी नाही, मातीत लोह आहे पण सामू जास्त असला की ते मातीतच अडकून बसतं, मुळांना घेता येत नाही, पाणी साचलं की अजून बिघडतं. राख बंद, पाण्याचा निचरा नीट, कंपोस्ट भरपूर, एवढंच करायला सांगितलं, विकत आणायचं काहीच नाही. हे वाक्य डोक्यात ठेवा, लोह आहे पण घेता येत नाही, पुढे परत येणार आहे.

वाफे चार फूट रुंद करायला लावले म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही, माती दबत नाही. पेरणी एकदम नाही, पालेभाजी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी. हे ऐकायला साधं आहे पण आधी आमच्याकडे एका आठवड्यात खाऊन संपणार नाही इतकी भाजी आणि मग महिनाभर काहीच नाही असं चालायचं. ताजं शेणखत घालायचं नाही, कुजलेलंच, कारण कच्च्या खतातले जंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर येतात, हे पोषणवर्गातल्या ताईंनीही वेगळं सांगितलं. दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवलेलं दिसत होतं आणि मला तेच फार आवडलं.

आता पोषणवर्ग. मला भीती होती की कॅलरीचे तक्ते पाठ करायला लावतील. तसं काही नाही. ताईंनी पहिल्याच तासाला विचारलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते आठवा आणि दहा गटांत टाका, धान्य आणि कंदमुळं, डाळी, दाणे आणि तेलबिया, दूध, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्वाच्या पिवळ्या-केशरी भाज्या-फळं, इतर भाज्या, इतर फळं. १५ ते ४९ वयाच्या बाईच्या आहारात दिवसभरात यातले निदान पाच गट यावेत अशी जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे. माझे चार भरले. पोटभर जेवत होते आणि चारच. वर्गात दोन भरलेल्या बायका पण होत्या आणि त्यांना कुणी लाजवलं नाही, ताईंनी फक्त एवढंच विचारलं की उद्या तिसरा कुठून आणता येईल, आणि उत्तर बहुतेक वेळा वाफ्यातूनच निघत होतं, म्हणून कुठल्या घराने काय पेरायचं ते तिथेच ठरायचं.

मग आला लोहाचा तास. पालेभाजीत लोह असतं पण ते शरीराला सहज घेता येत नाही, सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त शोषलं जातं, म्हणून भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणासोबत चहा घेऊ नका, निदान तासभर अंतर ठेवा. गाजर-भोपळ्यातलं केशरी तत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. भाजी उकडून पाणी फेकू नका. सासूबाईंना चहाचं अजिबात पटलं नाही, पन्नास वर्षं जेवल्यावर लगेच चहा घेतेय म्हणाल्या आणि त्यांचं बरोबरच आहे, सवय अशी एका तासात सुटत नाही.

ते काम मुलाने केलं. क्लबमध्ये त्यांनी घेवड्याचं झाड उपटून मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापून बघितल्या होत्या. आतून गुलाबी निघाली तर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) धरण्याचं काम करतायत, आणि तो गुलाबी रंग ज्या पदार्थाचा असतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद, त्यातही लोह. घरी येऊन तो आजीला म्हणाला, अगं आजी, आपल्या मातीतपण लोह होतं आणि झाडाला मिळत नव्हतं, तसंच तुझ्या ताटात आहे आणि चहा ते तुला मिळू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा चहा चार वाजता. मी हे तिघांकडून तीन वेळा ऐकलं होतं पण जोडलं त्या पोराने.

क्लबच्या पद्धतीबद्दल नंतर थोडं वाचलं. १९०२ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाधिकाऱ्यांनी खेड्यातल्या मुलांचा असा क्लब सुरू केला, त्यातूनच पुढे फोर-एच म्हणतात ती चळवळ उभी राहिली, चार एच म्हणजे डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. त्या काळात संशोधकांना दिसलं होतं की मोठी माणसं नवीन पद्धत पटकन घेत नाहीत पण मुलं करून बघतात आणि घरी जाऊन सांगतात. वाचताना आमचा चार वाजताचा चहाच आठवला मला.

क्लबमध्ये प्रत्येकाला एक वही आहे, पेरणीची तारीख, उगवण किती, कीड कधी दिसली, तोडणी किती वजनाची, सगळं स्वतः लिहायचं. नुसतं रोप लावलं म्हणून टाळ्या नाहीत, वही पूर्ण असेल तरच महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला मिळतं. माझा मुलगा चार माणसांत तोंड उघडत नव्हता, तो तिसऱ्या महिन्यात उभा राहिला आणि त्याचे कोथिंबिरीचे बी का उगवलं नाही ते सांगितलं. न उगवलेल्याबद्दल बोलायला दिलं ही मोठी गोष्ट आहे. माव्याचा फोन मी केला तेव्हा काकांनी उचलला, औषध लगेच मारू नका, पानं उलटी करून बघा, मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे आलेत का, आले असतील तर पाण्याच्या फवाऱ्याने मावा पाडा आणि पाच दिवस थांबा. थांबलो. पुरलं.

आता जे बरं नाही ते. पोषणवर्ग आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला, म्हणजे ज्या बायका मजुरीला जातात त्यांना यायलाच येत नाही, आणि खरी गरज त्यांनाच. मी दोनदा लेखी दिलं, वेळ बदललेली नाही. क्लब संध्याकाळी सुटतो, लांबच्या वस्तीवरच्या मुली अंधार लवकर पडायला लागल्यावर यायच्या बंद झाल्या, सात मुली होत्या त्या दोनवर आल्या, त्यातली एक बियांची नोंद सगळ्यात सुंदर ठेवायची. तिला आणायला-सोडायला काही सोय होत नसेल तर मग मुलांचा क्लब म्हणा, मुलामुलींचा म्हणू नका. सुरवातीला बियाणं सगळं हायब्रीड दिलं, पुढच्या वर्षी त्याच झाडाचं बी धरलं तर तसंच पीक येत नाही, हे आधी कुणी सांगितलं नाही. विचारल्यावर सरळ वाण (ज्यांचं बी धरून परत पेरता येतं) आणून दिले हे पण नमूद करते.

सगळ्यात जास्त राग आला तो दंडाच्या पट्टीवरून. लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, १२.५ सेंटीमीटरच्या खाली पिवळं म्हणजे मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली लाल म्हणजे तीव्र. शेजारच्या घरातल्या मुलाचं पिवळं आलं, रजिस्टरला लिहिलं आणि पाच आठवडे कुणी फिरकलं नाही. आईला वाटलं काही असतं तर सांगितलं असतं. मोजायचं आणि मग गप्प बसायचं यापेक्षा न मोजलेलं बरं, निदान आई निर्धास्त तरी होत नाही. मी जाऊन भांडले, आवाज चढवला, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. त्यानंतर ताई दर आठवड्याला येतात, दवाखान्यात दाखवून झालं, आणि पिवळं आलेल्या प्रत्येक घराची तारीख आता भिंतीवर लिहिलेली असते.

पाचपैकी चार देतेय. एक कापलाय तो वेळेसाठी आणि त्या पाच मुलींसाठी, त्या परत आल्या की मी स्वतः येऊन बदलेन.

पुढच्या हंगामाची नावं घेणं सुरू होईल तेव्हा जाणार असाल तर मातीचा नमुना आधीच काढून ठेवा, खत टाकायच्या आधी, उन्हात नाही तर सावलीत वाळवून, स्वच्छ कापडी पिशवीत, खताच्या जुन्या पोत्यात अजिबात भरू नका, आणि पिशवीत वाफा कुठला त्याची चिठ्ठी टाका, आमच्या दोन पिशव्या अदलाबदल झाल्या होत्या आणि पंधरा दिवस वाया गेले.