डायनामाईट की कोलिजन: आठवड्यातून एकच शो बघायचा असेल तर

एईडब्ल्यू (ऑल एलिट रेसलिंग, अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती कंपनी) नव्याने बघायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: बुधवारचा डायनामाईट आणि शनिवारचा कोलिजन, दोन्ही बघायलाच हवेत का? दोन्ही शो दोन-दोन तासांचे. म्हणजे आठवड्याला चार तास, वर पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे मोजून बघायचे मोठे कार्यक्रम) वेगळे. माझं उत्तर आधीच सांगतो: एकच निवडायचा तर डायनामाईट. कुस्ती म्हणून जास्त समाधान मात्र मला अनेकदा कोलिजनने दिलंय. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे समजायला २०२३ मध्ये मागे जावं लागतं.

डायनामाईट २ ऑक्टोबर २०१९ ला सुरू झाला आणि कंपनीची ओळखच बनला. २०२१ मध्ये शुक्रवारी रात्रीचा तासाभराचा रॅम्पेज आला, पण सीएम पंक या नावाजलेल्या पैलवानाच्या आगमनासारखे अपवाद सोडले तर तो 'उरलंसुरलं' दाखवायची जागा झाला आणि २०२४ च्या अखेरीस बंद पडला. त्यामुळे मे २०२३ मध्ये कोलिजनची घोषणा झाली तेव्हा बरेच चाहते वैतागलेच. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तिसऱ्या तासाचं ओझं झेपत नव्हतं, आता पाच तास कोण बघणार?

दुसऱ्या गटाला शो हवाच होता. कंपनीचा मालक टोनी खानने इतके पैलवान करारबद्ध केले होते की अर्ध्या रोस्टरला (पैलवानांच्या ताफ्याला) महिनोन्‌महिने मॅच मिळत नव्हती. मिरो, अँड्राडे यांच्यासारखी माणसं घरी बसलेली बघून हळहळणाऱ्यांना शनिवारचे दोन तास म्हणजे हक्काची जागा वाटली. पहिल्याच एपिसोडला हे दोघेही रिंगमध्ये दिसले.

तिसरा गट, आणि सगळ्यात मोठा आवाज यांचाच होता, म्हणायचा की हा शो पंकसाठी बांधलाय. २०२२ च्या ऑल आऊट या पे-पर-व्ह्यूनंतर पंकने पत्रकार परिषदेत सहकाऱ्यांवर तोंडसुख घेतलं, मग पडद्यामागे पंक आणि केनी ओमेगा व यंग बक्स यांच्या गटात हाणामारी झाली. ही मंडळी एका छताखाली नांदणार नसतील तर त्यांना दोन छतं द्या, असा सगळा हिशोब दिसत होता. १७ जून २०२३ ला पंकच्याच शिकागोत, युनायटेड सेंटरमध्ये, कोलिजन सुरू झाला आणि सुरुवातच पंकच्या प्रोमोने (माईक हातात घेऊन केलेल्या भाषणाने) झाली. आता यात गैर काय, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. कारण काहीही असो, त्या उन्हाळ्यात कोलिजनला स्वतःचा चेहरा होता. डायनामाईटवर एमजेएफ हा पैलवान वर्ल्ड चॅम्पियन, आणि कोलिजनवर पंक 'खरा चॅम्पियन मीच' म्हणत जुना बेल्ट मिरवतोय. दोन शो, दोन दावेदार. यापेक्षा सोपी आणि मोठी गोष्ट दुसऱ्या शोला मिळाली नसती.

ती पूर्ण झालीच नाही. २७ ऑगस्टच्या ऑल इन या पे-पर-व्ह्यूला, वेम्बलीवर, पडद्यामागे पंकचा सहकारी पैलवान जॅक पेरीशी राडा झाला आणि २ सप्टेंबरला कंपनीने त्याला काढून टाकलं. एमजेएफ-पंक सामना हवेतच राहिला. कोलिजनचा कणा तिथे गेला असं म्हणणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत आहे.

मग उरलं काय? उरली ती मॅचची पद्धत. १५ जुलै २०२३ चा एपिसोड काढून बघा. एफटीआर ही जोडी विरुद्ध जे व्हाईट आणि ज्यूस रॉबिन्सन, टॅग (जोड्यांच्या) टायटलसाठी, तीनपैकी दोन फॉल्स, म्हणजे जिंकायला दोनदा हरवायचं. मॅच जवळजवळ तासभर चालली, म्हणजे अर्धा शो एका सामन्याला दिला. डायनामाईटवर असं फार क्वचित होतं. तिथे दहा-बारा मिनिटांची मॅच, लगेच मुलाखत, मग पार्किंगमध्ये मारामारी, मग पुढच्या आठवड्याची घोषणा. दोन तासांत डोळ्याला उसंत नसते. काहींना हेच आवडतं, काहींना डोकं दुखतं. कोलिजनवर पैलवानाला पाय पकडून दहा मिनिटं त्यावरच काम करायला वेळ मिळतो, आणि टॅग टीमची मजा तर अशा संथ मॅचमध्येच कळते.

कोलिजनचे तोटेही तितकेच ठळक आहेत. शनिवारी अमेरिकेत शरद ऋतूत कॉलेज फुटबॉल असतं, आणि डब्ल्यूडब्ल्यूई या प्रतिस्पर्धी कंपनीनेही आपले मोठे कार्यक्रम शनिवारी नेऊन ठेवलेत. इतर खेळांच्या प्रक्षेपणामुळे कधी वेळ बदलते, कधी वारच बदलतो. काही एपिसोड आधीच चित्रित केलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्या घडामोडीने कथा वळते, ती बहुतेक बुधवारीच घडते. टायटल हातातून जाणं, दोस्ताने दगा देणं, नवा चेहरा येणं. शनिवार चुकला तर बुधवारी दोन मिनिटांच्या झलकीत सगळं कळतं. उलटं होत नाही.

इथे जुन्या चाहत्यांना थंडरची आठवण येतेच. डब्ल्यूसीडब्ल्यू या जुन्या कंपनीचा नायट्रो हा शो जोरात असताना, जानेवारी १९९८ मध्ये, वाहिनीवाल्यांना आणखी तास हवेत म्हणून थंडर सुरू झाला. त्याच महिन्यात नायट्रोही तीन तासांचा केला. मोठी नावं थंडरवर क्वचित फिरकायची, आणि बघणाऱ्याला आठवड्याभरात कळून चुकायचं की इथे काही घडत नाही. त्याच एप्रिलमध्ये रॉने (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा सोमवारचा शो) नायट्रोची प्रेक्षकसंख्येतली ८३ आठवड्यांची आघाडी मोडली. त्याला एकटा थंडर कारणीभूत नव्हता, पण माणसं आणि कल्पना पातळ झाल्या, हे खरंच.

दुसऱ्या बाजूला डब्ल्यूडब्ल्यूईचाच दुसरा शो, स्मॅकडाऊन. १९९९ मध्ये आला, आणि आधी तोही रॉचाच पुढचा भाग होता. खरा फरक पडला २००२ मध्ये, ब्रँड स्प्लिटनंतर, म्हणजे दोन्ही शो वेगळे केल्यावर. ड्राफ्ट झाला, रोस्टर वाटलं गेलं. ब्रॉक लेसनर चॅम्पियन म्हणून स्मॅकडाऊनलाच बांधला गेला, तेव्हा रॉला आपल्यासाठी वेगळं वर्ल्ड टायटल काढावं लागलं. अँगल, एडी गरेरो, एज, रे मिस्टेरिओ यांच्या मॅचेससाठी लोक गुरुवारची वाट बघायचे. सोमवार चुकला तरी चालेल पण गुरुवार नको, असं म्हणणारे चाहते तयार झाले. भिंत असली की दुसरा शो जगतो, एवढं मला यातून दिसतं. कोलिजनला पंकच्या दोन-अडीच महिन्यांत अशी भिंत होती, तीही अलिखित. पुढे माणसं दोन्हीकडे ये-जा करू लागली आणि भिंत राहिली नाही.

तर निवड अशी करा. प्रोमो, भांडणं, कोण कोणाच्या पाठीत सुरा खुपसतोय यात तुम्हाला रस असेल तर डायनामाईट थेट बघा आणि कोलिजनचं कार्ड (सामन्यांची यादी) फक्त वाचा. टायटल मॅच किंवा एफटीआरसारख्या टीमची लांब मॅच दिसली तर तेवढीच काढून बघा. कथेशी देणंघेणं नसेल, चांगल्या बांधलेल्या दोन मॅच हव्या असतील, तर कोलिजनपासून सुरुवात करायलाही हरकत नाही. काहीही न जाणता तो समजतो. दोन्ही पूर्ण बघायचा हट्ट मात्र नव्या माणसाने करू नये. महिन्याभरात कंटाळून दोन्ही सोडलेले बरेच जण पाहिलेत.

एक काळ या सल्ल्याला अपवाद आहे: नोव्हेंबर-डिसेंबरमधली कॉन्टिनेंटल क्लासिक. बारा पैलवान, दोन लीग, जिंकल्यास तीन गुण, वीस मिनिटांची मर्यादा, आणि रिंगजवळ बाहेरच्या कोणाला मज्जाव. २०२३ च्या पहिल्या स्पर्धेत गोल्ड लीग मुख्यतः डायनामाईटवर होती आणि ब्लू लीग कोलिजनवर. एडी किंग्स्टन ब्लू लीगमधले पहिले दोन्ही सामने हरला, मग एकेक जिंकत वर आला, आणि ३० डिसेंबरला वर्ल्ड्स एन्ड या पे-पर-व्ह्यूमध्ये जॉन मॉक्सलीला हरवून स्पर्धा मारली. ज्यांनी त्या महिन्यात फक्त बुधवार पाहिला, त्यांना किंग्स्टन शेवटाकडे अचानक उगवलेला वाटला. ते दोन पराभव शनिवारीच झाले होते. म्हणून त्या पाच-सहा आठवड्यांत दोन्ही बघा, किंवा वेळ नसेल तर बुधवारच्या बाकी भानगडी सोडून फक्त लीगचे सामने बघा.