मेडिकेअरवर मिळणारा सीजीएम: आमच्या घरचा अनुभव

दंडावर चिकटवायचा, सतत शुगर मोजणारा तो सेन्सर, म्हणजे सीजीएम, मेडिकेअरवर, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, मिळतो का, असं इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी मला विचारत असतं. मिळतो. आमच्याकडे यांना मिळतोय आणि एकदा सुरू झाल्यावर सेवा खरोखर चांगली आहे. सुरू होईपर्यंत मात्र फोन आणि कागद यांचा बराच पाठपुरावा करावा लागतो. तो कुठे करायचा हे आधी कळलं असतं तर माझे किती तरी हेलपाटे वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे रात्री झोपताना लांब पल्ल्याच्या इन्शुलिनचं एकच इंजेक्शन घेतात. पूर्वी मेडिकेअरला दिवसातून अनेक इंजेक्शनं किंवा पंप लागायचा, आणि २०२१ च्या जुलैपर्यंत तर रोज चार वेळा बोट टोचून तपासल्याचा पुरावाही. त्यामुळे आमच्यासारखे पेशंट सरळ बाहेर राहायचे. १६ एप्रिल २०२३ पासून नियम बदलला. आता कुठलंही इन्शुलिन, दिवसातून एकदा जरी घेत असाल, तरी सेन्सरचा खर्च मान्य होतो. बऱ्याच जणांना अजून जुनाच नियम माहीत आहे. कुणी पूर्वी ‘नाही’ म्हणालं असेल तर पुन्हा विचारा.

पैशांचं गणित सोपं आहे. हा खर्च मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी आणि उपकरणांच्या भागात येतो, व्हीलचेअर किंवा ऑक्सिजनच्या मशीनसारखा घरी वापरायचं वैद्यकीय उपकरण म्हणून. वर्षाचा डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, भरून झाला (२०२५ मध्ये २५७ डॉलर) की मान्य रकमेच्या २० टक्के आपले. आमची मेडिगॅप, म्हणजे वेगळी घेतलेली पूरक पॉलिसी, ते २० टक्के उचलते. गोंधळ होतो तो फार्मसीच्या काउंटरवर. तिथल्या मुलीने आमचं प्रिस्क्रिप्शन औषधांच्या म्हणजे पार्ट डी च्या कार्डावर टाकलं, ते नामंजूर झालं, आणि ‘तुमचा इन्शुरन्स हे देत नाही’ असं सांगून तिने आम्हाला परत पाठवलं. इन्शुरन्स देत होता, बिल चुकीच्या खिडकीत गेलं होतं. म्हणून पार्ट बी चं बिल करणारा आणि मेडिकेअरचा दर मान्य असलेला सप्लायर गाठायचा. ज्यांच्याकडे मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर, आहे त्यांनी आधी प्लॅनलाच फोन करावा. तिथेही हे कव्हरेज द्यावंच लागतं, पण पूर्वपरवानगी आणि ठरावीक सप्लायर अशा अटी असतात.

आमचं गाडं खरं अडलं ते डॉक्टरांच्या नोट्सपाशी. ऑर्डर लिहिण्याआधीच्या सहा महिन्यांत डायबेटिससाठी प्रत्यक्ष किंवा मेडिकेअरला चालणारी व्हिडिओ भेट झालेली असावी लागते. ती झाली होती. पण सप्लायरकडून फोन आला की नोट्स पुरेशा नाहीत. मी पोर्टलवरून त्या छापून काढल्या आणि बसून वाचल्या. डायबेटिस टाइप दोन, औषधं चालू ठेवावीत, एवढंच. इन्शुलिनचा उल्लेख औषधांच्या यादीत कुठेतरी खाली होता, मजकुरात नव्हता. सेन्सर वापरायला पेशंट किंवा घरचं माणूस शिकलेलं आहे, हेही कुठे नव्हतं. मी नर्सला दोन्ही गोष्टी नेमक्या सांगितल्या, डॉक्टरांनी नोंदीत भर घातली, आणि आठवडे रखडलेलं काम मार्गी लागलं. तेव्हा डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच ही दोन वाक्यं लिहून घ्या. पुढेही दर सहा महिन्यांनी भेट लागते, ती चुकवू नका.

मुलाचं म्हणणं होतं की फोनवर सगळं दिसतं, सेन्सरचा आकडा दाखवणारा वेगळा रिसीव्हर कशाला? पण मेडिकेअरच्या लेखी उपकरण म्हणजे तो रिसीव्हरच. फोन जोडीला वापरा, मुलाबाळांना आकडे दिसू द्या, पण रिसीव्हर घेतलाच नाही किंवा कधी वापरलाच नाही तर सेन्सरचे पैसे मिळत नाहीत. आमचा उशाशी असतो. अंधारात चष्मा न लावता दिसेल एवढा मोठा आकडा येतो त्यावर, मला तोच सोयीचा वाटतो.

आणखी एक. पुढचे सेन्सर आपोआप येत नाहीत. पाठवण्याआधी सप्लायरने आपल्याला विचारलंच पाहिजे असा नियम आहे. अनोळखी नंबर उचलायचा नाही हे आपण सगळ्या ज्येष्ठांना शिकवलंय, आणि त्यामुळे खोकं येत नाही. त्यांचा नंबर नावानिशी सेव्ह करून ठेवा. सेन्सर मुदतीआधी निघाला किंवा बंद पडला तर मेडिकेअर जास्तीचा देत नाही, थेट कंपनीला फोन करायचा. त्यासाठी सेन्सर आणि वेष्टनावरचा नंबर जपून ठेवा, लगेच कचऱ्यात टाकू नका. हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांनी तीन महिन्यांचा साठा एकदम मागावा, तसा देता येतो.

आता उपयोगाबद्दल. पूर्वी यांची शुगर रात्री खाली जायची ते सकाळी ओला झालेला सदरा बघून कळायचं. आता ७० च्या खाली जायला लागली की रिसीव्हर वाजतो, मी उठून ज्यूस देते आणि बाण वर वळेपर्यंत शेजारी बसते. सुरुवातीला खोटे इशारेही आले. हे डाव्या कुशीवर झोपतात, सेन्सर डाव्या दंडावर. दंड दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली येतो. रिसीव्हर ५८ दाखवत होता आणि बोट टोचलं तर ११२. सेन्सर उजव्या दंडावर लावला, प्रश्न मिटला. शंका आली की बोट टोचून बघायचंच. महिन्याचा आलेख बघून डॉक्टरांनी रात्रीचं इन्शुलिन कमी केलं. ज्येष्ठांमध्ये ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याहून कमी असावा असं धरतात, आमचा बराच जास्त होता. हे एवनसीवरून, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्तचाचणीवरून, कधीच दिसलं नव्हतं, तो तर छान यायचा.

म्हणूनच एक नियम मला अजिबात पटत नाही. माझी एक मैत्रीण एकटी राहते. तिला इन्शुलिन नाही, ग्लिमेपिराइडची गोळी आहे. ही गोळीही शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते, वयस्कर माणसांत तर जास्तच. पण इन्शुलिन नसेल तर मेडिकेअर विचारतं, आधी काय झालं होतं? एक तर औषधं बदलूनही शुगर पुन्हा पुन्हा ५४ च्या खाली गेलेली हवी, किंवा एकदा तरी इतकी खाली की दुसऱ्या कुणी येऊन सावरावं लागलं. एकटीला सावरायला कोण येणार? माणूस पडल्यावर इशारा देणारं यंत्र द्यायचं, ही अट बदललीच पाहिजे. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारा स्टेलो नावाचा सेन्सर घ्यायचा ती विचार करत होती, पण तो कमी शुगरचा इशारा देत नाही आणि मेडिकेअर त्याचे पैसेही देत नाही. तिला मी सांगितलंय, मीटरवर ५४ च्या खाली आकडा आला तर आधी ग्लुकोजच्या गोळ्या खा, बरं वाटलं की तारीख-वेळ टाकून लिहून ठेव. ते आकडे डॉक्टरांच्या नोट्समध्ये गेलेच पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे ही गोळी बदलता येईल का, हे विचार. पुढच्या अपॉइंटमेंटला मी तिच्याबरोबर जाणार आहे.