व्हॉट्सॲप बिझनेस: उत्तरं द्यायला पक्कं, दवंडी पिटायला कच्चं

रील चालते, खाली 'किंमत काय?' अशा कमेंटचा ढीग पडतो आणि उत्तर जातं दुसऱ्या दिवशी. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन मोकळं झालेलं असतं. ही गळती बुजवायला 2018 साली आलेलं हे फुकट ॲप कामाचं आहे. पण लोक ते वापरतात भलत्याच कामाला.

सगळ्यात जास्त तक्रारी ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याच्या. एका यादीत 256 जण बसतात, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच. कुठून तरी मिळवलेले नंबर भरले की बहुतेकांपुढे एकच टिक दिसत राहते. वर कुणी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं, तर खातंच बंद पडायची भीती. माल पोचल्याच्या मेसेजातच 'नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू' अशी एक ओळ घाला. यादी हळू वाढेल, पण खरी असेल.

कॅटलॉग, म्हणजे ॲपमधली तुमच्या वस्तूंची मांडणी, मात्र झकास. 500 वस्तू, प्रत्येकीचे 10 फोटो. यादीत पहिला फोटो चौकोनी कापून दिसतो, म्हणून उभा फोटो टाकला तर वस्तूचं डोकं उडतं. वस्तू मध्यभागी ठेवून चौकोनीच काढा. गिऱ्हाइकाने वस्तू उघडून तिथूनच विचारलं, की तिच्या फोटोसकट प्रश्न येतो. 'ते निळं वालं' कुठलं, हे शोधत बसावं लागत नाही. किंमत रिकामी ठेवता येते, पण मग तोच प्रश्न दिवसभर झेलायची तयारी ठेवा. नवी वस्तू तपासणी होऊनच दिसते, त्यामुळे सेलच्या सकाळी भरायला बसू नका.

त्याच त्या प्रश्नांसाठी क्विक रिप्लाय आहेत, 50 पर्यंत. तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर हजर. स्वागताचा ग्रीटिंग मेसेज आपोआप पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा 14 दिवस गप्प असलेल्याला जातो. तो दोन ओळींचा ठेवा. लिंकांची माळ कुणी वाचत नाही. तुम्ही हजर नसताना आपोआप जाणारा अवे मेसेज फोनला नेट असेल तरच जातो. रात्री डेटा बंद करून झोपलात, तर तोही झोपतो.

फारसं कुणी वापरत नाही अशी सोय म्हणजे शॉर्ट लिंकमध्ये (दाबली की थेट तुमचं चॅट उघडणारी लिंक) आधीच भरून ठेवलेला मजकूर. इन्स्टाग्रामच्या बायोतल्या लिंकला 'रील पाहून विचारतोय', वेबसाइटवरच्या लिंकला 'वेबसाइटवरून आलोय'. पहिल्याच ओळीत कळतं की गिऱ्हाईक कुठून आलं आणि मेहनत कुठे घ्यायची. लिंक हाताने बनवत असाल तर नंबरला देशाचा कोड हवा, पण अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचे शून्य नकोत. लिंक चालत नाही ती बहुधा यामुळेच. आणि इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोतच हवी.

चॅटवर खुणेसाठी लावायची लेबलं 20 मिळतात, पाच-सहा पुरतात. 'पेमेंट बाकी' रोज उघडलं तरी पुष्कळ.

मुख्य फोनला आणखी 4 डिव्हाइस जोडता येतात. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही, तर ती सगळी लॉगआउट होतात. उत्तरं द्यायला याहून जास्त माणसं लागत असतील तर पैसे मोजून एपीआय, म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय, घेता येते. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास उलटले, की टेम्प्लेटशिवाय, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या मेसेजशिवाय, काही पाठवता येत नाही.