रिपोर्टवर ‘पद्धत’ छापा: एएनए तपासणीचा अकरा महिन्यांचा अनुभव

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटली (ऑटोइम्यून आजार) असा संशय आला की एएनए ही रक्ततपासणी करतात. पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे हल्ला करणारी प्रथिनं, रक्तात आहेत का ते ती पाहते. मला एका ओळीबद्दल लिहायचंय. ती ओळ पहिल्या रिपोर्टवर असती तर बायकोचे दोन महिने वाया गेले नसते.

मी बावीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. शाफ्टचा व्यास २४.९८ एवढंच लिहून मी रिपोर्ट पाठवला तर गिऱ्हाईक तो घेत नाही. व्हर्नियरने मोजला की मायक्रोमीटरने, लीस्ट काऊंट किती, कॅलिब्रेशन कधी झालं, हे सगळं लागतं. कशाने मोजलं ते माहीत नसेल तर त्या आकड्याचा कुणालाच उपयोग नसतो. चारशे रुपयांच्या शाफ्टला हा नियम आहे. माणसाच्या रक्ताला तो नसेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या संक्रांतीला आम्ही निफाडला, हिच्या माहेरी होतो. त्या दिवसांत तिकडे कशी थंडी असते ते सांगायला नको, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पहाटे ही मागच्या टाकीवर तिळगुळाचं पातेलं धुवायला बसली आणि मला हाक मारली, "अहो, हे बघा ना." उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत चुन्यासारखी पांढरी पडली होती. कुठे पांढरं संपतं आणि कुठे कातडी सुरू होते, ते रेघ ओढल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी तेल कोमट करून चोळलं. आधी बोटं जांभळी झाली, मग लालभडक, आणि दुखायला लागली. त्याआधी दोन महिने सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नव्हती. ते आम्ही कामाच्या ताणावर ढकललं होतं.

सिडकोतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या सूज आणि संधिवाताच्या तपासण्या आणि एएनए लिहून दिलं. मी दर विचारले, जिथे स्वस्त तिथे दिलं. एएनएचे सहाशे रुपये, घरी येऊन रक्त नेणार, नमुना रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला: एएनए ०.६, संदर्भ मर्यादा १.० पेक्षा कमी, निगेटिव्ह. बाकीचंही ठीकच होतं. आम्ही देवापुढे साखर ठेवली.

मार्चच्या शेवटी बोटं सुजली. फुगल्यासारखी, अंगठी निघेना. सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. लग्नातली अंगठी होती ती. मग गंगापूर रोडच्या संधिवाततज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली. त्यांनी नखांच्या मुळाशी थेंबभर तेल लावलं आणि भिंगाच्या उपकरणातून बराच वेळ पाहिलं. तिथल्या बारीक केशवाहिन्या रुंदावल्या आहेत, म्हणाल्या. मग फाइल उघडली, तो ०.६ पाहिला आणि विचारलं, "ही कोणत्या पद्धतीने केलीय?"

रिपोर्टवर पद्धत नव्हती. मी दोन्ही पानं उलटून पाहिली. लॅबचा पत्ता होता, क्यूआर कोड होता, आरोग्य तपासणीच्या पॅकेजची जाहिरात होती. पद्धत कुठेच नव्हती.

मी लॅबला चार वेळा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "साहेब, मशीनवर होते." दुसऱ्यांदा, "मुंबईला विचारून सांगतो." तिसऱ्यांदा फोन ठेवून दिला. चौथ्या वेळी एक मुलगी नीट बोलली आणि संध्याकाळपर्यंत तिने कळवलं की एलिसाने केलीय. तिचे आभार. पण त्या एका शब्दासाठी मला सहा दिवस लागले, आणि त्या शब्दाशिवाय डॉक्टरांना तो आकडा वाचताच येत नव्हता.

का वाचता येत नव्हता, ते मला नंतर समजलं. एलिसात प्लेटच्या खळग्यांत निवडक प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. रक्तातली अँटीबॉडी त्यांतल्या एखाद्याविरुद्ध असेल तर रंग येतो. तुमची अँटीबॉडी त्या यादीतच नसेल तर रंग येत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह निघतो. दुसरी पद्धत म्हणजे इम्युनोफ्लुओरेसन्स. तिच्यात काचेवर हेप-२ नावाच्या अख्ख्या मानवी पेशी असतात. त्यांवर सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ भाग) टाकतात, धुतात, मग चमकणारं रसायन जोडलेली दुसरी अँटीबॉडी टाकतात, पुन्हा धुतात आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी अख्खी असल्यामुळे केंद्रकातली शंभराहून जास्त लक्ष्यं एकाच वेळी तपासली जातात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २००९ सालीच स्पष्ट भूमिका घेतली की एएनएसाठी इम्युनोफ्लुओरेसन्स हीच मुख्य पद्धत मानावी, आणि लॅबने कोणती पद्धत वापरली ते रिपोर्टवर सांगावं.

मॅडमनी तीच तपासणी दुसऱ्या लॅबमधून सांगितली. बाराशे रुपये. मला ते जड गेलं, खोटं कशाला बोलू. महिन्याच्या शेवटी एकाच तपासणीचे दुसऱ्यांदा पैसे द्यायचे होते. तो रिपोर्ट आला आणि माझी झोप उडाली, पण रिपोर्ट कसा असावा तेही कळलं. पद्धत: इम्युनोफ्लुओरेसन्स. पेशी: हेप-२. सुरुवातीचं डायल्यूशन, म्हणजे सीरम किती पातळ करून सुरुवात केली ते, १:८०. निकाल: पॉझिटिव्ह, १:६४०, म्हणजे ६४० पट पातळ केलं तरी चमक दिसते; या शेवटच्या आकड्याला टायटर म्हणतात. पॅटर्न, म्हणजे चमक पेशीत कुठे आणि कशी दिसते: न्यूक्लिओलर, एसी-८ (त्या पॅटर्नचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). खाली फोटो. काळ्या पार्श्वभूमीवर पेशींच्या केंद्रकांचे अंधुक गोल, आणि प्रत्येक गोलात दोन-तीन-चार ठसठशीत हिरवे ठिपके. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "हे माझ्या रक्तातलं आहे?" एवढंच बोलली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढे अँटीबॉडी नेमकी कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहे ते सांगणारा ईएनए ब्लॉट झाला, चार हजार आठशे रुपयांचा. एका पट्टीवर वेगवेगळ्या प्रथिनांच्या आडव्या रेघा असतात आणि जी काळी पडेल ती तुमची. एससीएल-७० कोरी होती, सेंट्रोमिअर कोरी होती, पीएम-एससीएलची रेघ गडद. स्क्लेरोडर्मा (कातडी घट्ट होत जाणारा ऑटोइम्यून आजार) आणि स्नायूंचा दाह एकत्र असणाऱ्या प्रकारात ही अँटीबॉडी सापडते. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके मागवलं, तेही वाढलेलं निघालं. त्या पट्टीवरच्या बऱ्याच रेघांना रुग्णांची नावं आहेत, हे मॅडमनी सांगितलं. एसएम म्हणजे स्मिथ, रो आणि ला ही दोन रुग्णांच्या नावांची आद्याक्षरं, जो-१ हा जॉन. ज्यांच्या रक्तात त्या पहिल्यांदा सापडल्या त्या माणसांची ही नावं. हे ऐकल्यापासून त्या पट्टीकडे मी निव्वळ रिपोर्ट म्हणून पाहत नाही.

इथे मला माझंच मत बदलावं लागतंय. लिहायला बसलो तेव्हा पहिल्या लॅबने चुकीचा रिपोर्ट दिला असंच म्हणणार होतो. आता तसं म्हणणार नाही. मी त्यांच्या किटची प्रथिनांची यादी मिळवली, तिच्यात पीएम-एससीएल नाही. म्हणजे त्यांच्या मोजमापानुसार ०.६ खरंच असणार. गेज चांगलाच होता, पण वेगळ्या मापाचा होता. एलिसा टाकाऊ नाही. एका वेळी पुष्कळ नमुने होतात, दर कमी पडतो, पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहावं लागत नाही. आणि इम्युनोफ्लुओरेसन्सच्याही हातून काही निसटतं. रो आणि जो-१ च्या अँटीबॉडी कधी कधी हेप-२ वर दिसत नाहीत, म्हणून संशय दाट असेल तर डॉक्टर एएनए निगेटिव्ह असूनही त्या वेगळ्या तपासतात. माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. ती लपवण्याबद्दल आहे. वैद्यकीय लॅबसाठी आयएसओ १५१८९ हे मानक आहे आणि आपल्याकडे एनएबीएल त्यावरच मान्यता देते. त्या मानकात, जिथे गरज असेल तिथे तपासणीची पद्धत रिपोर्टवर द्यावी असं लिहिलेलं आहे. एएनएमध्ये गरज नसेल तर मग कशात असेल? आणखी एक गोष्ट पाहा. एनएबीएलची मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, तपासणीनिहाय मिळते. रिपोर्टवर तपासणीच्या नावापुढे फुली असेल तर ती बहुतेक मान्यतेच्या कक्षेबाहेरची असते. आमच्या पहिल्या रिपोर्टवर एएनएपुढे तशी फुली होती. मी लेटरहेडवरचं चिन्ह पाहिलं आणि निश्चिंत झालो. फुलीकडे लक्ष गेलं नाही.

मेच्या सुट्टीतली गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात चूक पूर्णपणे माझी. बहिणीचं निघालं म्हणून मेव्हणी घाबरली होती. मला म्हणाली, "दाजी, मी पण करून घेऊ का?" तिला बहिणीसारखा काहीही त्रास नव्हता. मी म्हणालो, घे करून, मनाला शांतता. रिपोर्ट आला १:८० पॉझिटिव्ह. पंधरा दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी मॅडमनीच समजावलं. १९९७ साली निरोगी लोकांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले होते. मेव्हणीला थायरॉईडचा ऑटोइम्यून त्रास आहे, त्यातही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या २०१९ च्या निकषांत १:८० ही फक्त दारातून आत येण्याची अट आहे. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून दहा गुण व्हावे लागतात. लक्षण नसताना पॅकेजमध्ये आहे म्हणून एएनए करू नका. मी एका धडधाकट बाईला पंधरा दिवस आजारी करून ठेवलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑगस्टमध्ये मी अजून एक खर्च वाया घालवला. औषधं सुरू होऊन चार महिने झाले होते, तर टायटर उतरलं का ते पाहू म्हणून मॅडमना न विचारता एएनए परत केला. १:३२० आला. मला केवढा आनंद झाला! मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सांगितलं की एका पायरीचा फरक तपासणीतच धरलेला असतो. हे मला तरी कळायला हवं होतं. डायल्यूशन दुपटीने वाढतं, ८०, १६०, ३२०, ६४०. ज्या मापाची एक पायरीच दुप्पट आहे, तिथे एका पायरीच्या फरकाला अर्थ नाही. आणि निदान झाल्यावर एएनए परत परत करायची तपासणीच नाही. ल्युपस असेल तर डीएसडीएनए, सी३, सी४ या रक्ततपासण्या आणि लघवीतलं प्रथिन यांवर लक्ष ठेवतात. आमच्याकडे सीपीके, रक्तदाब आणि फुप्फुसांची क्षमता पाहायची आहे. बाराशे गेले, पण ही माहिती कुणाला उपयोगी पडली तर बरं.

खर्चाचा हिशेब हवा असेल तर एएनए तीन वेळा मिळून तीन हजार, ब्लॉट चार हजार आठशे, म्हणजे सात हजार आठशे. यातले माझ्या मते सहा हजारच गरजेचे होते. सुरुवातीचे सहाशे वाचवायला गेलो म्हणून वाया गेले, आणि ऑगस्टचे बाराशे उतावळेपणाने. मेव्हणीचे यात धरलेले नाहीत, ते तिने मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या लॅबबद्दल चांगलं तेवढं सांगतो. रिपोर्ट आल्यावर तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी स्वतः फोन करून विचारलं की बोटं पांढरी पडतात का, गिळताना अडकतं का. एवढ्या वर्षांत कुठल्या लॅबने आमच्या माणसाची विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. उणीव एकच, रक्त द्यायला कॉलेज रोडलाच जावं लागतं, घरी येत नाहीत. सकाळी त्रिमूर्ती चौकातून निघालो तर मुंबई नाक्यावरच अर्धा तास जातो. पण या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे आम्ही आता दुपारी जातो.

रक्त देण्याआधी काऊंटरवर मी आता तीन गोष्टी विचारतो. पद्धत कोणती, सुरुवातीचं डायल्यूशन किती, पॅटर्न आणि शेवटचं टायटर रिपोर्टवर येणार का. काऊंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर आतून विचारून यायला सांगतो आणि तोवर पावती फाडू देत नाही. मागे रांग असते, लोक कुरकुरतात. मी हलत नाही.

पहिल्या लॅबला मी सप्टेंबरात लेखी दिलं की आमचा रिपोर्ट पद्धतीसह नव्याने द्या. उत्तर आलं की रिपोर्टचा नमुना ठरलेला आहे, बदलता येत नाही. ऑक्टोबरात मानकाचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं, त्याला अजून उत्तर नाही. दरम्यान त्या जुन्या रिपोर्टवर, ०.६ च्या शेजारी, मी पेनने ‘एलिसा’ लिहून तारीख टाकलीय. फाइलमध्ये तो सगळ्यात खाली आहे. जानेवारीत फुप्फुसांची तपासणी आहे. थंडी सुरू झाल्यापासून भांडी मी घासतो, आणि ती आतून अस्तर लावलेले हातमोजे घालून चहा करते.