‘क्रँक गेला’ म्हणत मला ८,६५० रुपयांचा चुना लावला

२००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, वडिलांच्या हातची. इंजिन कधीच उघडलेलं नव्हतं. डावीकडून खरखर यायला लागली म्हणून जवळच्याच गॅरेजात नेली. त्याने दोनदा रेस दिली, मान हलवली. "काका, क्रँक गेला. रस्त्यात जाम होईल इंजिन." क्रँक म्हणजे पिस्टनच्या खाली फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी भीती घालायची, मग "तुमच्यासाठी म्हणून कमी लावतो".

हिशेब व्हिजिटिंग कार्डाच्या मागे: क्रँक ३,१५०, बोअर किट (सिलिंडर-पिस्टन) २,४००, लेथ ६००, पॅकिंग सेट ३५०, ऑइल ३५०, मजुरी १,८००. घरी मी सहा हजारच सांगितले आहेत, तेव्हा हे कुणी आमच्याकडे बोलू नका.

जीव जळतो तो त्या पिस्टनने. बघायला गेलो तर गाडीवर गोणपाट टाकलेलं. "हा बघा तुमचा पिस्टन" म्हणून ओरखडे पडलेला काळा पिस्टन त्याने हातात दिला. मी अंगठ्याने काजळी पुसली, तर डोक्यावर ‘७५’ कोरलेलं. हा आकडा ओव्हरसाइज पिस्टनवर असतो, बोअर मारलेल्या, म्हणजे सिलिंडर घासून मोठा केलेल्या इंजिनात बसवतात त्या. न उघडलेल्या इंजिनात तो आला कुठून? आकडा पाहिला, बोटाने चाचपला, आणि वर त्याच माणसाला चहा पाजला! कुणी म्हणेल, एवढंही कळू नये? नाही कळत. जन्म बँकेत गेला, लेथवर नाही.

गाडी आणली तेव्हा आवाज खरोखर कमी होता. कसा नसेल? १०डब्ल्यू-३० च्या जागी जाड २०डब्ल्यू-५० ऑइल ओतलं होतं. आवाज काही काळ दबला, मग खरखर परत सुरू. दुसऱ्या मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "टायमिंग चेन." म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह चालवणारी साखळी. क्रँकची ठकठक खालून येते, लोड आला की वाढते. हेड उघडलं तर आत कंपनीचाच पिस्टन, आणि क्रँक ज्यात असतो त्या खालच्या केसच्या स्क्रूंच्या खाचांत जुना चिखल जसाच्या तसा! चेन, ती ताणून धरणारा टेन्शनर, मजुरी मिळून १,३५० रुपयांत काम झालं. गाडी टाकतानाच सांगा, जुने पार्ट आणि नव्यांची खोकी दोन्ही हवीत. आणि इंजिन आपल्यासमोर उघडायचं, नाहीतर गाडी परत.

चौकीत गेलो तर साहेब जेवायला. परत गेलो तर "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." तिथे खिडकीवर, "पक्कं बिल कुठाय?" अहो, पक्कं बिल देणारा असता तर इथे कशाला आलो असतो! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. हे मी त्यांना शिकवायचं? दोनदा झेरॉक्सला पिटाळलं, तिसऱ्यांदा "वेळ संपली". पगार कशाचा घेतात? निदान फोनवर तरी तक्रार नोंदवून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

गॅरेजवाला आता म्हणतो, "काम करणारा पोरगा गावी गेला." यूपीआयने दिलेल्या ५,००० चा पुरावा माझ्याकडे आहे. उरलेले ३,६५० "सुट्टे द्या ना काका" म्हणत त्याने रोख घेतले, त्यांचा कागदोपत्री कुठेच पत्ता नाही. रोख एक रुपया देऊ नका.