कुत्र्यांना घेऊन थंडीत कोकण: दापोली-गुहागर की वेंगुर्ला?

आमच्या घरी दोन कुत्रे. एक दहा वर्षांचा, कंबरेतून अधू झालेला लॅब्रॅडोर. दुसरी तीन वर्षांची गावठी कुत्री, वाळू दिसली की तिला स्वतःचं नावही आठवत नाही. गेल्या काही थंड्यांत या दोघांना घेऊन पुण्याहून कोकणाच्या तिन्ही बाजू (अलिबाग, दापोली-गुहागर, वेंगुर्ला) करून झाल्या. कुणी ‘कुठे जाऊ?’ म्हणून विचारलं की मी आधी विचारतो, तुमचा कुत्रा गाडीत किती तास टिकतो?

तीन तासांच्या वर टिकत नसेल तर अलिबाग. मुंबईकरांना तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात मांडवा. पण शनिवार-रविवारी नागाव-वरसोलीला घोडागाड्या, वाळूत धावणाऱ्या चारचाकी बाइक आणि गर्दी यांत कुत्र्याला मोकळं सोडायचा प्रश्नच येत नाही. मंगळवार-बुधवारी आक्षीला जाता येत असेल तर जा, एरवी नाव काढू नका.

खरी निवड त्यापुढच्या दोघांत आहे. ताम्हिणीतून माणगावमार्गे दापोली पाच-सहा तासांत होतं. घाटात कुत्रं ओकतंच, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी जेवण नाही, फक्त पाणी. वेंगुर्ल्याला कोल्हापूर-आंबोलीवरून नऊ-दहा तास धरा आणि एक मुक्काम वाटेत करा. रेल्वेने जायचं तर कुडाळ किंवा सावंतवाडी. कुत्रा तुमच्यासोबत फक्त फर्स्ट क्लासमध्ये बसू शकतो, तोही अख्खं कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. रात्रभर त्या पेटीत एकटं राहायची शिक्षा मी माझ्या कुत्र्यांना देणार नाही.

दापोलीच्या बाजूला किनाऱ्यांची निवड जास्त आहे, पण माणसंही जास्त. नाताळच्या आठवड्यात मुरूड-कर्दे टाळाच, वाळूत गाड्या घालणारे महाभाग तिथे हमखास भेटतात. लाडघर त्या मानाने शांत. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जरूर जा, मात्र कुत्रं गाडीत दुसऱ्या माणसाजवळ ठेवून. टोपलीतल्या एका सुरमईला तोंड लागलं तर तिची किंमत द्यावी लागते आणि वर जे ऐकावं लागतं ते वेगळं. या बाजूला मला सगळ्यात आवडतं ते गुहागर. दाभोळहून धोपाव्याला जंगल जेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घातली की दहा-पंधरा मिनिटांत खाडीपार. इंजिनाच्या थरथरीने आमचा म्हातारा लॅब्रॅडोर पहिल्यांदा घाबरून माझ्या मांडीवर चढला होता, परतीच्या वेळी खिडकीतून नाक बाहेर काढून बसला. गुहागरचा किनारा लांबलचक, सपाट, मागे सुरूची झाडं. दुखऱ्या कंबरेच्या कुत्र्याला ओहोटीची घट्ट, ओली वाळू फार मानवते. भुसभुशीत वाळूत मात्र त्याचे मागचे पाय लगेच भरून येतात.

वेंगुर्ल्याकडे वायंगणी, सागरेश्वर, मोचेमाड, शिरोड्याचं वेळागर. आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी सातला तुम्ही, कुत्रा आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं, एवढंच. मात्र सर्वांत मोठा धोकाही या रापणीपाशीच आहे. जाळं रिकामं झालं की नको असलेली मासळी वाळूतच पडून राहते, आणि तीत केंड असतो. फुगलेला, पांढऱ्या पोटाचा, चेंडूसारखा. आमच्या गावठीने तो तोंडात धरला तेव्हा रापणीवरचे एक आजोबा माझ्या आधी ओरडले. जबडा दाबून मी तो काढला आणि पुढचे तीन तास तिच्याकडे बघत बसलो. केंडाच्या अंगात विष असतं, शिजवूनही ते जात नाही. सुदैवाने तिने चावला नव्हता. तेव्हापासून रापण दिसली की दोरी हातात.

दोरीचं दुसरं कारण दोन्हीकडे सारखंच आहे. थंडी हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी, सगळीकडे माद्या रात्री वर येतात आणि एका घरट्यात शंभरेक अंडी घालून जातात. ती उकरण्यात कुत्री आणि कोल्हे पुढे. वेळासला 2002 पासून माणसं ही अंडी राखत आली आहेत, तिथे आपलं लाडकं कुत्रं उकरायला सोडणं बरं दिसत नाही. अंधार पडला की आम्ही किनाऱ्यावर जातच नाही.

मुक्कामाचं म्हणाल तर ‘पेट फ्रेंडली’ या शब्दावर जाऊ नका, फोन करून नीट विचारा. कुत्रा खोलीत चालेल की पडवीत बांधायचा? कोंबड्या मोकळ्या असतात का? दापोली-गुहागरकडच्या काही घरांत सोवळं-ओवळं असतं, तिथे अंगणापर्यंतच परवानगी मिळते. वेंगुर्ल्याच्या काकूंनी मात्र फोनवर एकच प्रश्न केला होता, “तुमचो कुत्रो आमच्या मांजराक धरूचो नाय मा?” मी नाही म्हणालो. मांजरानेच आमच्या म्हाताऱ्याला दोन दिवस पडवीत येऊ दिलं नाही.

पडवीत रात्री बांधून ठेवायचं म्हणत असतील तर ते घर सोडा. बिबट्या कोकणात सगळीकडे आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. दिवसा जपायची जागा म्हणजे आंब्याची बाग. याच दिवसांत मोहोरावर फवारण्या चालतात. फवारलेल्या झाडाखालचं गवत कुत्र्याने चाटू नये, म्हणून बागेत शिरण्याआधी मालकाला विचारायचं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, फुरशी हे विषारी साप असतात, तिथे सोडायचं नाही. गोचिडांचं औषध निघायच्या आधीच लावून ठेवा, रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झालेली आहे ना तेही बघा.

डॉक्टरच्या बाबतीत वेंगुर्ला थोडं पुढे. तालुक्याचे सरकारी दवाखाने दोन्हीकडे मुख्यतः गाई-म्हशींचे. ताप-जुलाबाला चालतात. पण रक्त तपासायची वेळ आली तर शिरोड्याहून गोव्यातलं म्हापसा तासा-सव्वा तासावर आहे. गुहागरहून चिपळूण किंवा रत्नागिरी गाठावं लागतं.

हवेत फार फरक नाही. दापोली गाव उंचावर असल्याने रात्री स्वेटर लागतो, किनाऱ्यावर खाली उतरलं की दुपारी तिशीच्या पुढेच. हस्की वगैरे असेल तर दोन्हीकडे दुपारी पंख्याखालीच. फिरणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर.

कुत्रा तरुण असेल, हातात सहा-सात दिवस असतील तर मी डोळे मिटून वेंगुर्ला सांगेन. तेवढा मोकळा किनारा दापोलीकडे मला मिळाला नाही. तीन-चार दिवसच असतील तर वेंगुर्ल्याच्या प्रवासातच दोन जातात, मग गुहागर. आमच्या म्हाताऱ्याला आता दहा तास गाडीत झेपत नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, गुहागरची खोली धरली आहे, तळमजल्यावरची, कारण जिना त्याला चढवत नाही.