कंपनीचा बोर्ड की पंपाची टाकी: सांगली-साताऱ्यात पेट्रोल कुठलं भरावं?

साताऱ्यात कुणी नवी गाडी घेतली की आधी कंदी पेढे येतात आणि पेढा तोंडात असतानाच प्रश्न येतो: पेट्रोल कुठल्या कंपनीचं चांगलं? मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने टर्बो पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा त्यानेही हेच विचारलं. साधं भरू की महागातलं पॉवर? सरकारी पंप की खासगी? मी गेली अकरा वर्षं दर आठवड्याला सांगली ते सातारा ये-जा करतो, आष्टा, पेठ नाका, कराड करत. या रस्त्यावर पेट्रोलच्या पायी एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय.

कंपनी विरुद्ध कंपनी

इथे फरक सगळ्यात कमी आहे, आणि लोक वाद मात्र यावरच सगळ्यात जास्त घालतात. पेट्रोल कुणीही विकलं तरी ते एकाच सरकारी मानकात बसावं लागतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आहे. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग, त्याआधीच्या बीएस-4 मध्ये ते 50 होतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, नायरा, शेल, जिओ-बीपी, हा नियम सगळ्यांना सारखा.

शिवाय तिन्ही सरकारी कंपन्या एकमेकींकडून माल घेतात. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने पुण्याजवळ लोणी काळभोरला आलेलं पेट्रोल पुढे कुठल्या रंगाच्या टँकरमध्ये जाईल, हे डेपो कुठला जवळ पडतो यावर बरंचसं ठरतं. त्यामुळे "अमक्याचं पेट्रोल जड, तमक्याचं हलकं" हे कट्ट्यावर ऐकू येणारं बोलणं कंपनीच्या बाबतीत तरी खरं धरू नका. त्यात मिसळलेलं इथेनॉल तर आपल्याच उसाचं असण्याचा संभव दांडगा. वाळव्यापासून कराडपर्यंत कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या तेच काढतात.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक "चांगल्या ब्रँडचंच भरा" असं पोटतिडकीने सांगतात, ते त्यांच्यापुरतं खरं आहे. तिथे इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या डिटर्जंटचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. 2004 मध्ये काही मोटार कंपन्यांनी एकत्र येऊन 'टॉप टियर' नावाचं वरच्या दर्जाचं मानक ठरवलं. 2016 मध्ये तिथल्या ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेच्या चाचणीत, त्या मानकात न बसणाऱ्या पेट्रोलने सरासरी 19 पट जास्त काजळी धरली. आपल्याकडच्या पंपांवर असा शिक्का नाही. आणखी एक घोळ ऑक्टेनच्या आकड्याचा (ऑक्टेन म्हणजे काय, ते पुढच्या भागात सांगतो). तिथल्या पंपावरचं 87 म्हणजे आपल्या मोजणीत जवळजवळ 91. मोजायची रीतच वेगळी आहे, त्यामुळे आकड्याला आकडा लावून बघू नका.

साधं विरुद्ध पॉवर

ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज डोक्यातून काढायला हवा. ऑक्टेन म्हणजे दाब आणि उष्णता सोसून, आपोआप न पेटण्याची क्षमता. पेट्रोल असं आपोआप पेटलं तर इंजिनात टकटक आवाज येतो, त्याला मिस्त्री नॉकिंग म्हणतात. पसरणीच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी भरून दाबत नेली की हा आवाज पटकन कळतो. हल्लीच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ मागे घेतो आणि इंजिन वाचवतो, फक्त पिकअप थोडा मरतो.

म्हणून प्रश्न एवढाच की तुमच्या इंजिनाला किती ऑक्टेन लागतं. ते टाकीच्या झाकणाच्या आत किंवा गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांना 91 पुरतं. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की 20 टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आता 95 पर्यंत गेलंय, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन बरंच वरचं आहे. म्हणजे 95 च्या महाग पेट्रोलला ऑक्टेनचा जो फायदा होता, तो साध्याने जवळजवळ गाठला. महागात उरतं ते त्यातलं डिटर्जंट.

त्या डिटर्जंटचं मोल किती? मी हिशेब असा मांडला. महिन्याला हजार किलोमीटर, अ‍ॅव्हरेज 16, म्हणजे साधारण 62 लिटर. लिटरमागे आठ रुपये जास्त धरले तर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. हे सहा हजार अ‍ॅव्हरेजमधून भरून काढायचे तर 16 चं 17.2 व्हायला हवं. माझ्या गाडीत सलग चार टाक्या भरून पाहिलं, तेवढा फरक पडला नाही. एवढ्या पैशांत इंजेक्टर साफ करून घेता येतात आणि वर पैसे उरतात.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीचं थोडं वेगळं आहे. तिथे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारा मारतो, नोझलला काजळी धरली तर फवारा बिघडतो, म्हणून डिटर्जंटचा उपयोग आहे. पण त्याच रचनेमुळे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही. व्हॉल्व्हवरची काजळी कितीही महाग पेट्रोलने धुतली जाणार नाही, हे विकणारे सांगत नाहीत. अशी गाडी असेल तर तीन-चार टाक्यांनंतर एखादी टाकी डिटर्जंटवाल्या पेट्रोलची भरा, मला त्यात गैर वाटत नाही. 100 ऑक्टेनचं पेट्रोल मात्र पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच.

जुनी गाडी विरुद्ध नवी

एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसणाऱ्या साहित्याच्या आहेत, त्यांच्या मालकांनी रात्रीची झोप घालवू नये. जुन्या गाडीत रबरी नळ्या, गॅस्केट, कार्बुरेटरमधली सीलं लवकर कडक होऊ शकतात. दर सर्व्हिसिंगला मिस्त्रीला नळ्या दाबून पाहायला सांगा. अ‍ॅव्हरेज कमी होतं हेही खरंच आहे. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के, दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के आणि ई20 साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी 1 ते 2 टक्के घट धरली आहे. कंपनी बदलून ही घट टळत नाही.

पंप विरुद्ध पंप

खरा फरक इथे आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, तीन दिवस संततधार चालू असताना, सांगलीबाहेरच्या एका लहान पंपावर टाकी फुल केली. आष्ट्याच्या पुढे गाडी हिसके द्यायला लागली, पेठ नाक्याच्या अलीकडे बंदच पडली. आई मागच्या सीटवर होती, तिची साताऱ्यात दवाखान्याची वेळ ठरलेली. टोइंग करून गॅरेजला नेली. मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या एका स्वच्छ बाटलीत काढलं आणि बाटली खिडकीशी उजेडात धरली. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ होती. वर पिवळसर पेट्रोल, खाली चार बोटं गढूळ थर. "हे नुसतं पाणी नाही दादा," तो म्हणाला, "पाण्यानं स्पिरिटला पण खाली ओढलंय."

त्याचं बरोबर होतं. पूर्वी पेट्रोलमध्ये पेलाभर पाणी गेलं तर तळाशी पेलाभर पाणीच बसायचं. इथेनॉल मात्र पाणी धरून ठेवतं. थोडं असेल तोवर ते मिसळून जळून जातं, मर्यादेपलीकडे गेलं की पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी जातं. मग खालचा थर शिरलेल्या पाण्याहून मोठा होतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं. पंपाच्या टाकीतला पाइप माल घेतो तो तळाच्या जवळूनच. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला, जमिनीखालच्या टाकीत पाणी कसं शिरतं हे वेगळं सांगायला नको.

टाकी उतरवणं, पंप, फिल्टर, इंजेक्टर, सगळं मिळून माझे नऊ हजार गेले. पावती फेकून दिली होती, त्यामुळे पंपवाल्याशी बोलायला हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून पावती गाडीतच ठेवतो. तिच्यावर वेळ आणि नोझल छापलेलं असतं.

म्हणून पंप निवडताना मी आधी खप बघतो. जिथे दिवसाआड टँकर रिकामा होतो, तिथलं पेट्रोल टाकीत मुरत पडत नाही, आणि पाणी शिरलंच तर कर्मचाऱ्यांच्या लवकर लक्षात येतं. डीपच्या काठीला पेस्ट लावून ते टाकीतलं पाणी तपासतात, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात "आज पेस्ट लावून बघितली का?" असं विचारायला लाजू नका. टँकर खाली होत असताना मी भरत नाही, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

बाकीच्या चाचण्या ग्राहकाच्या हक्काच्या आहेत, मागितल्या की कराव्याच लागतात. नोझल पुसून फिल्टर पेपरवर एक थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. फिकट गुलाबी छटा राहिली तर घाबरू नका, तो पेट्रोलचाच रंग. डेन्सिटी काचेच्या जारमध्ये हायड्रोमीटर सोडून मोजतात आणि तक्त्यावरून 15 अंश सेल्सिअसला आणतात. ती घनमीटरला 720 ते 775 किलोच्या दरम्यान हवी, आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा 3 हून जास्त वेगळी नको. मापाची शंका असेल तर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागा, 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार करा. मी हे एकदा कराडजवळ मागितलं तेव्हा मॅनेजर स्वतः जार घेऊन आला, शांतपणे आकडा वाचायला लावला. त्या पंपावर मी आजही भरतो. बोर्ड कुठल्या कंपनीचा, हे त्यात आलंच नाही.

मावसभावाच्या झाकणावर ई20 आणि पुस्तकात 91 लिहिलेलं निघालं. गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे, म्हणून तो दिवाळी, संक्रांत आणि पाडव्याला एक-एक टाकी डिटर्जंटवाली भरणार आहे. एरवी हायवेवरच्या चालत्या पंपावर साधं.